हेवी मेटलला थ्री फेज लागते

जुन्नर तालुक्यात ऐकण्याचं काम फार गांभीर्यानं चालतं. खोडदच्या माळावर ४५ मीटर व्यासाच्या डिश आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. त्या परिसरातल्या सगळ्या मिळून ३०. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधी निघालेल्या रेडिओ लहरी तिथे टिपल्या जातात. खोडदजवळ नारायणगाव. तिथे गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात. कोणत्या फडाची ढोलकी यंदा उतरली आणि कोणाची चढली, याचा निकाल ही मंडळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत देतात. तेव्हा आमच्या भाच्यानं लेण्याद्रीच्या पायथ्याला, वस्तीवरच्या घराच्या माडीवर बसून जुने हेवी मेटल अल्बम लॉसलेस ऐकायला घेतले, हे तालुक्याच्या परंपरेला धरूनच झालं. घरच्यांना तसं वाटलं नाही, हा भाग वेगळा.

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. म्हणजे कंपनी हिंजवडीत आहे आणि तो बहुतेक माडीवर असतो. त्याचा पगार घरात कोणाला नक्की माहीत नाही. पण त्यातला बराचसा भाग काळ्या रंगाच्या लहान डब्यांवर खर्च होतो, हे कुरिअरवाल्यासकट सगळ्यांना माहीत आहे. एक डबा आकड्यांचा आवाज करतो, त्याला डॅक म्हणतात. दुसरा तो आवाज मोठा करतो. तिसरा काय करतो हे विचारल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तो काहीच करत नाही. तेच त्याचं काम आहे." अशी नोकरी आमच्या काळात फक्त सरकारात मिळायची.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. ब्लॅक सॅबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०चा. हेवी मेटलचा उगम तिथून धरतात. त्याची सुरुवात पावसानं होते. गिटार नाही, ढोल नाही, नुसता पाऊस, लांबवर गडगडाट आणि चर्चची घंटा. चौघा पोरांनी लंडनमध्ये एका दिवसात अल्बम वाजवून टाकला आणि पावसाचा आवाज मागाहून जोडला. भाच्यानं माडीच्या खिडक्या उघड्या ठेवून तो लावला. दिवस एप्रिलचे. खाली खळ्यावर कांदा उघडा पडलेला. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या शेतकऱ्यानं अवकाळीचा इतका धसका घेतलाय की ढग दिसायची वाट कोणी बघत नाही. दाजी जेवणाच्या ताटावरून तसेच उठले. "आरं ताडपत्री आणा, ताडपत्री!" करत बाहेर धावले. दोन गडी धावले, बहीण धावली. कांदा झाकून झाला, कडेला दगड ठेवून झाले, आणि वर बघतात तर चांदणं पडलेलं.

दाजींनी वर येऊन विचारलं, "हा पाऊस कुठला?"

"लंडनचा. ५५ वर्षांपूर्वीचा."

"मग इथं कशाला पाडतो?"

माझ्या मते लॉसलेस तंत्राला याच्याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणत्याही मासिकात मिळालेलं नसेल. एमपीथ्रीच्या पावसाला दाजी ताटावरून उठले नसते.

आता लॉसलेस म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. सीडीवर दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं असतात, डाव्या कानाची वेगळी आणि उजव्या कानाची वेगळी. हा ऐवज जसाच्या तसा ठेवला तर पाऊण तासाचा अल्बम पावणेपाचशे एमबी खातो. एमपीथ्रीनं यावर तोड काढली. झांज जोरात वाजली की तिच्याखाली दबलेला बारीक आवाज कानाला तसाही कळत नाही, मग तो टाकून द्या. असं टाकत टाकत तोच अल्बम चाळीस-पंचेचाळीस एमबीपर्यंत खाली आणता येतो. फ्लॅक २००१ साली आलं. जोश कोल्सन नावाच्या माणसानं ते लिहिलं आणि जगाला फुकट दिलं. फ्लॅक काही टाकत नाही. मागच्या मोजमापांवरून पुढचं मोजमाप काय असेल याचा अंदाज बांधतं आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच लिहून ठेवतं. वाजवताना अंदाज आणि चूक यांची बेरीज केली की मूळ आवाज हजर.

संथ आलापी असेल तर अंदाज बरा जुळतो आणि फाइल निम्म्याच्या आसपास येते. मेटलमध्ये गिटार मुद्दाम फाटलेली, झांजा अखंड चालू, पायाखाली दोन-दोन ढोल. अंदाज दर वेळी चुकतो आणि फाइल फुगते. पुढे काय येणार हे शेजाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं आणि संगणकाला अजिबात कळत नाही, असा संगीताचा हा एकच प्रकार मला माहीत आहे.

आमच्या पिढीनं हे संगीत कसं ऐकलं, तेही सांगायला हवं. कोणाचा तरी मावसभाऊ आखातातून कॅसेट आणायचा. तिच्यावरून पुण्यात एक कॉपी व्हायची, त्या कॉपीवरून दुसरी, आणि चौथ्या पिढीतली कॉपी एसटीनं जुन्नरला यायची. तोवर गायक आणि वारा यांत फरक उरलेला नसे. स्लेअरचा 'रेन इन ब्लड' १९८६चा. सगळा अल्बम २९ मिनिटांत खलास. इतका छोटा की कंपनीनं कॅसेटच्या दोन्ही बाजूंना पूर्ण अल्बम भरला. बाजू पालटली तरी सुटका नाही. मी तो घरच्याच एका ६० मिनिटांच्या कॅसेटवर उतरवला होता. त्या कॅसेटवर आधी वडिलांनी आकाशवाणीवरून घेतलेलं गीतरामायण होतं. बाजू ३० मिनिटांची, अल्बम २९चा. त्यामुळे शेवटच्या गाण्यातला गडगडाट विझला की एक मिनिटभर सुधीर फडके यायचे, शांतपणे, जणू काही झालंच नाही. आज भाच्याकडे तोच अल्बम ऐकतो तेव्हा एकेका ठोक्याची धार वेगळी कळते. पण शेवटी बाबूजी येत नाहीत. लॉसलेसमध्ये काही हरवत नाही म्हणतात. माझं एक मिनिट हरवलंय.

खरी कथा मात्र विजेची आहे.

वस्तीवर थ्री फेज आठवड्याच्या पाळीनं येते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की बिबट्याच्या भीतीनं पाणी भरायला दोघा-तिघांनी बॅटऱ्या घेऊन जावं लागतं. दिवसा वीज द्या, ही आमच्या तालुक्यातली जुनी मागणी आहे. या मागणीत गेल्या वर्षीपासून भाचाही सामील आहे, पण त्याचं कारण वेगळं. विहिरीवरची मोटर चालू झाली की त्याच्या स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. शेजारच्या मळ्यातली चालू झाली की तो घूं जरा जाड होतो. डीपीवर फ्यूज म्हणून बांधलेली तार ठिणग्या टाकायला लागली की तड्तड् सुरू होते. भाचा डोळे मिटून सांगतो, "ही खालच्या आळीची साडेसात एचपीची मोटर." नुसत्या गुणगुणीवरून कोणाच्या विहिरीला किती पाणी उरलंय, इथवर त्याची मजल गेली आहे.

मला वाटायचं, हे दुखणं त्याचं एकट्याचं. तसं नाही. खोडदच्या दुर्बिणीलाही विजेच्या तारांमधल्या ठिणग्यांचा उपद्रव होतो, आणि तो गाळून काढायला शास्त्रज्ञांनी खास यंत्रणा बसवली आहे. एकाच तालुक्यात दोन ठिकाणी माणसं कान लावून बसली आहेत. एकीकडे विश्वाच्या आरंभाचा कानोसा चाललाय, दुसरीकडे सॅबाथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न याचा, आणि दोघांच्या मध्ये कोणाची तरी साडेसातची मोटर.

यावर भाच्यानं अर्थिंग करून घ्यायचं ठरवलं. घराच्या मागे खोल खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा थरावर थर. वरून पाणी ओतायला पाइप. खड्डा खणताना आजीनं विचारलं, "काय पुरतोस?" भाचा म्हणाला, "आवाज." मीठ-कोळसा बघून आजीची खात्री पटली की पोराला कोणीतरी काहीतरी सांगितलंय आणि हा उतारा आहे. ती आत जाऊन हळदकुंकू घेऊन आली. वायरमननं काही हरकत घेतली नाही. त्यानं अशी बरीच अर्थिंगं बघितली असावीत.

उन्हाळ्यात ती माती कोरडी पडली की अर्थिंग धरत नाही. म्हणून भाचा रोज संध्याकाळी, आंघोळ करून, एक कळशी पाणी त्या पाइपात ओततो आणि मग वर जाऊन ज्युडास प्रीस्ट लावतो. लांबून बघणाऱ्याला हा पोरगा फार धार्मिक वाटतो. वस्तीवरून त्याला एक स्थळही येऊन गेलं.

घूं कमी झाला, गेला नाही. तशात एक दिवस भजनी मंडळाचे बुवा सप्ताहाची वर्गणी मागायला आले. ओट्यावर टेकले, पाणी प्याले आणि माडीकडे कान करून म्हणाले, "वर कोण स्वर लावून बसलंय?" आम्ही म्हटलं, कोणी नाही, मशीन आहे. बुवा म्हणाले, "पांढरी पाच आहे. पण जराशी चढी."

भाचा खाली आला. त्यानं फोनवर हिशेब केला. आपली वीज ५० हर्ट्झची. पांढरी पाचचा एक फार खालचा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे बुवांनी वर्गणीचं पुस्तक हातात धरून, मागचं-पुढचं काही माहीत नसताना, स्वर तर सांगितलाच आणि तो चढा आहे हेही सांगितलं. त्यांच्याकडे डॅक नाही.

आता गंमत अशी की ब्लॅक सॅबाथच्या त्याच पावसाच्या गाण्याचा षड्ज पांढरी पाचच आहे. पाऊस थांबतो आणि गिटारचे तीन स्वर येतात. बुवांना ते ऐकवले. त्यांनी मांडीवर बोटं चालवली आणि म्हणाले, "सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. काळी एक. बरं, पुढं?"

"पुढे बराच वेळ हेच, बुवा."

"विलंबित आहे," बुवा म्हणाले. "आणि खाली तुमचा तानपुरा चालूच आहे."

षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्या या जोडीला युरोपातल्या जुन्या संगीतशास्त्र्यांनी सैतानाचं नाव चिकटवलं होतं. सॅबाथनं ती उचलली आणि लोक घाबरले. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात असतो, आणि यमन आपण गाणं शिकायला बसलेल्या पोराला सगळ्यात आधी देतो, तेही तिन्हीसांजेला. सैतानाचा उपयोग काय करून घ्यायचा, हे ज्याच्या त्याच्या घराण्यावर आहे. आणि विजेचं म्हणाल तर सॅबाथच्या बर्मिंगहॅमलाही ती ५० हर्ट्झचीच. त्या पोरांच्या अँप्लिफायरमध्येही हीच चढी पांढरी पाच घुमत असणार. हे मी भाच्याला सांगितल्यापासून तो त्या घूंला दोष म्हणत नाही, मूळ वातावरण म्हणतो.

बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं गाव. सॅबाथचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. पुढे तारा सैल करून स्वर खाली उतरवला आणि १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'चा तो भरडा, जड आवाज निघाला. त्याच्याही आधी, १९६४ साली, लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसनं ब्लेडनं स्पीकरचा कागद फाडला होता, आवाज फाटका यावा म्हणून. या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष असा मोडतोडीतला आहे. तुटकी बोटं, फाटके स्पीकर, झेपेल त्याच्यापेक्षा जास्त पिळलेले अँप्लिफायर. आणि त्या फाटलेल्या आवाजाचा एक धागासुद्धा जाऊ नये, म्हणून भाचा मातीत मीठ घालतोय. मला यात विसंगती दिसते. भाच्याला भक्ती दिसते. दोन्ही खरं असावं.

एका रविवारी घरात परीक्षा झाली. एकच गाणं तीन प्रकारे वाजवायचं: एक लॉसलेस, एक ३२० केबीपीएसची एमपीथ्री, एक १२८ची. कोणतं कोणतं ते सांगायचं नाही. आवाजाची पातळी तिन्हींची काटेकोर सारखी ठेवावी लागते, कारण जे किंचित मोठं वाजतं तेच माणसाला चांगलं वाटतं. (निवडणुकीत हा नियम सगळ्यांना माहीत असतो, संगीतात विसरतात.) गाणं ज्युडास प्रीस्टच्या १९८०च्या 'ब्रिटिश स्टील'मधलं. आजीला पहिले दोन ऐकवले.

"काही फरक, आजी?"

"दोन्ही बाया सारख्याच वराडत्यात."

"आजी, तो पुरुष आहे. रॉब हॅलफर्ड."

"मग दवाखान्यात न्या."

दाजींनी तिन्ही वेळा "बंद झालं का?" एवढंच विचारलं. भाच्यानं स्वतः परीक्षा दिली तेव्हा लॉसलेस आणि ३२० यांतली त्याची उत्तरं नाणं उडवून जेवढी बरोबर आली असती तेवढीच आली. तो गप्प झाला, आणि मग म्हणाला की आज हवेत दमटपणा आहे. बाजी मारली ती माझ्या बहिणीनं. ती कोथिंबीर निवडत होती. लॉसलेस लागल्यावर मान वर न करता म्हणाली, "मध्येच चमच्यांचा ट्रे कोण हलवतंय?" भाचा थक्क झाला. कारण 'मेटल गॉड्स' या गाण्यात लोखंडी राक्षस चालत येतात त्यांच्या पावलांचा आवाज म्हणून त्या मंडळींनी खरोखरच काट्याचमच्यांचा ट्रे हलवला होता. आणि १२८ची लागल्यावर ती म्हणाली, "आता चमचे ओले आहेत." यापेक्षा अचूक वर्णन होऊ शकत नाही. खालच्या दर्जाच्या एमपीथ्रीत झांजा आणि धातूचे बारीक आवाज पाण्यातून आल्यासारखेच लागतात. रोज दोन वेळा भांडी ऐकणाऱ्या बाईपुढे डोळे मिटून बसणाऱ्यांनी काय टिकाव धरायचा?

मराठी घरात मेटल ऐकणाऱ्याचं आयुष्य तसं कायमच परीक्षेचं. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक व्हायचा तेव्हा पोरं काळे टी-शर्ट घालून उन्हात रांगा लावायची. रंगभवन पुढे शांतता क्षेत्रात आलं आणि तिथले कार्यक्रम बंद झाले. १ फेब्रुवारी २००८ला आयर्न मेडन वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेले. त्या दौऱ्यासाठी त्यांचं खास बोइंग होतं आणि ते चालवायला त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन. त्यांच्या टी-शर्टावर एडी नावाचा हाडकुळा प्राणी असतो. आजी त्याला वेताळ समजते आणि तो शर्ट दोरीवर उलटा वाळत घालत नाही. खुद्द मुंबईत 'भयानक मौत' नावाचा मेटल बँड आहे. त्या नावाचा टी-शर्ट घालून भाचा चुलतबहिणीच्या साखरपुड्याला गेला होता. फोटोग्राफरनं त्याला सगळ्या फोटोंत समईच्या मागे उभं केलं.

मागच्या महिन्यात मी त्याला लेण्याद्रीला वर घेऊन गेलो. पायथ्याला राहणारी माणसं वर क्वचितच जातात. अष्टविनायकांत डोंगरावर, लेण्यात बसलेला हा एकच गणपती, गिरिजात्मज. तीनशेच्या आसपास पायऱ्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढायचं, डोलीवाल्यांना नको म्हणायचं आणि माकडांना काही म्हणायचं नाही. भाच्याच्या कानावर तारेचे मोठे हेडफोन. बिनतारी चालत नाहीत, कारण साध्या ब्लूटूथवरून जाताना आवाज पुन्हा दाबला जातो आणि लॉसलेसचे पैसे फोनपर्यंतच कामाला येतात. एका माकडानं ती तार ओढून बघितली, खाण्यासारखी नाही म्हटल्यावर सोडून दिली, आणि मागून येणाऱ्या काकूंचा पेरू घेतला. भाच्यानं पायऱ्या सुरू करताना स्लेअर लावला होता. अल्बम संपला तेव्हा आम्ही दम खात खात वरच्या टप्प्यावर होतो. २९ मिनिटांचा अल्बम काढण्यामागे असा काही हिशेब असेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

गणपतीचं लेणं हा मुळात बौद्ध विहार. पन्नासेक फूट लांब-रुंद दालन, तीन बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, आणि मध्ये एकही खांब नाही. दिवसभर उजेड आत येतो, विजेचा दिवा नाही. भाचा दालनाच्या मधोमध उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर मी प्रथमच समाधान पाहिलं. "मामा, इथे घूं नाही." दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंनी जे मिळवायला घरदार सोडलं, ते त्याला ५० हर्ट्झच्या अभावात सापडलं. मग त्यानं घुमारा तपासायला एक टाळी वाजवली. दर्शनाच्या रांगेतल्या पंचवीस-तीस जणांना वाटलं आरती सुरू झाली. त्यांनीही वाजवली. पुजारी बाहेर बघायला आले.

जुन्नरच्या लेण्यांत वटवाघळं असतात. त्यांच्याबद्दल मला अलीकडे आदर वाटतो. काही अल्बम आता १९२ किलोहर्ट्झच्या फायलीत विकतात. त्यात ९६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान तरुणपणी २०पर्यंत जातो, चाळिशीनंतर १५च्या आसपास थकतो. गिटारच्या अँप्लिफायरमधला बारा इंची स्पीकर तर पाच-सहाच्या वर फारसं बोलतच नाही. मग वरचा सगळा माल कोणासाठी? ऐकू शकेल असा एकच श्रोता मला माहीत आहे. तो लेण्यात उलटा टांगलेला असतो आणि त्यानं वर्गणी भरलेली नाही.

शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहावर, कल्याणच्या सुलसदत्तानं दिलेल्या दानाचा लेख कोरलेला आहे. अठराशेहून जास्त वर्षं झाली. अजून कोणी तो रीमास्टर केलेला नाही, म्हणून वाचता येतो.

कारण खरी हानी फायलीत होत नाही, त्याच्या आधी होते. मेटॅलिकाचा २००८चा 'डेथ मॅग्नेटिक' घ्या. दुकानात इतरांपेक्षा मोठ्यानं वाजावा म्हणून तो इतका चढवला की आवाजाची टोकं सपाट झाली. तो लॉसलेस घेतलात तर सपाट झालेली टोकं जशीच्या तशी, बिनचूक मिळतात. गिटार हीरो नावाच्या खेळात त्याच गाण्यांचा कमी चिरडलेला आवाज होता, म्हणून चाहत्यांनी तो खेळातून काढून ऐकला. पोरांच्या खेळण्यातला आवाज अल्बमपेक्षा चांगला! त्यांच्याच १९८८च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये बेस गिटार जवळपास ऐकूच येत नाही. जेसन न्यूस्टेड बँडमध्ये नवा होता, मिसळताना त्याचा आवाज खाली गेला तो गेला. १९२ किलोहर्ट्झमध्येही तो वर येत नाही. मेगाडेथनं 'रस्ट इन पीस' २००४ साली पुन्हा मिसळायला घेतला तेव्हा गायनाचे काही मूळ ट्रॅक सापडेनात. डेव्ह मस्टेननं १४ वर्षांनी ते पुन्हा गायले.

कडी केली ती ऑझीच्या अल्बमांनी. 'ब्लिझार्ड ऑफ ऑझ' १९८०चा, 'डायरी ऑफ अ मॅडमन' १९८१चा. बेस वाजवणारा बॉब डेझ्ली आणि ड्रमवाला ली कर्स्लेक यांच्याशी पैशावरून कोर्टकज्जे झाले. २००२ साली दोन्ही अल्बम नव्यानं काढले तेव्हा या दोघांचं वाजवणं पुसून त्या जागी दुसऱ्या वादकांकडून वाजवून घेतलं. आमच्या भागात सातबाऱ्यावरून भावाचं नाव उडवतात ते याच पद्धतीनं. वर वाटतं तेच शेत, तोच बांध, पण नांगर दुसऱ्याचा. फरक एवढाच की इथे वीस वर्षांपूर्वीचं पीकसुद्धा नवीन माणसाच्या नावावर चढवलं. लोक चिडले, आणि २०११ साली मूळ वादक परत आले. पण २००२ची फ्लॅक फाइल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे चुकीच्या माणसाचा ड्रम एकही ठोका न हरवता जपलेला आहे.

ऑझी २२ जुलै २०२५ला गेला. त्याआधी अडीच आठवड्यांवर बर्मिंगहॅमला शेवटचा कार्यक्रम केला होता, खुर्चीत बसून. तो गेल्याचं कळल्यावर भाच्यानं सुट्टी टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरात दुःख' लिहिलं. आजीनं विचारलं, "आपल्यातलाच होता का?" तो म्हणाला, "हो." त्या संध्याकाळी कळशीभर पाणी ओतून त्यानं पुन्हा पावसाचं गाणं लावलं. जुलै होता, माळशेजकडून खरा पाऊस येत होता, आणि दाजी काही जागचे उठले नाहीत.

तर डबे घेण्याच्या बेतात असलेल्यांसाठी माझं मत असं. फ्लॅक घ्या, जागा आता स्वस्त आहे. ३२० असली तरी जीव जाळू नका. १९२ वटवाघळांना सोडा. अर्थिंग मात्र नक्की करून घ्या, ते फ्रिजलाही लागतं. आणि एक विनंती आहे. जुन्नर-आंबेगावात, नारायणगावला, मंचरला, घोडेगावला, कोणाच्या माळ्यावर मुंबईला शिकलेल्या काकाच्या खोक्यात 'ब्लिझार्ड ऑफ ऑझ'ची २००२च्या आधीची सीडी पडली असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका आणि कांद्याच्या शेतात पाखरं हाकलायला टांगू नका. लेण्याद्रीच्या पायथ्याला आणून द्या. वस्ती विचारायची गरज नाही. आंघोळ करून जमिनीत पाणी ओतणारा पोरगा दिसला की तेच घर.